"त्यांच्याकडे असंच असतं": एक प्रकरण

ती माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात एका ई-मेलची छापील प्रत होती. ती तिने टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "वाचा, आणि खरं सांगा, मी इतकी वाईट वागले का?" पानावर चारच ओळी होत्या. तिच्या हाताखाली दीड वर्ष काम करून नोकरी सोडणाऱ्या एका मुलीने त्या लिहिल्या होत्या. शेवटची ओळ अशी: "तुम्ही त्यांना समजून घेतलंत. मला कोणी समजून घ्यायचं होतं?"

ती ३९ वर्षांची, एका मोठ्या कंपनीत विभागप्रमुख. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, देशांची नावं गाळली आहेत. हे प्रकरण मांडावंसं वाटलं याचं कारण सरळ आहे. अनेक संस्कृतींत वाढलेल्या माणसांच्या खुल्या मनाचं कौतुक मीही वर्षानुवर्षं करत आले. त्या खुलेपणाची किंमत कधीकधी दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते, हे मला या चार ओळींमुळे पहिल्यांदा नीट दिसलं.

आधीची गोष्ट

वडिलांची नोकरी दर काही वर्षांनी देश बदलायला लावणारी. ती तीन वर्षांची असताना, मग आठव्या, अकराव्या आणि सोळाव्या वर्षी घर हललं. शेवटची हलवाहलव आई-वडिलांच्या मायदेशी झाली. भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, "परत आलात, बरं झालं." ती तिथे त्याआधी फक्त सुट्टीत गेलेली होती.

नव्या शाळेत कशी रुळायचीस, असं विचारल्यावर तिने इतक्या सफाईने सांगितलं की हे तिने अनेकदा स्वतःलाच सांगितलं असावं. "पहिले दोन आठवडे तोंड उघडायचंच नाही. कोण कशाला हसतं ते बघायचं. शिक्षकांशी नजरेला नजर देऊन बोलतात की मान खाली घालून, नकार द्यायचा तर 'नाही' म्हणतात की 'बघू' म्हणतात, हे टिपून घ्यायचं. एका शाळेतलं शहाणपण दुसऱ्या शाळेत आगाऊपणा ठरतं." प्रत्येक प्रगतिपुस्तकात एकच शेरा असायचा: सगळ्यांशी जुळवून घेते. ती प्रगतिपुस्तकं तिने अजून जपून ठेवली आहेत.

सोळाव्या वर्षापर्यंत एक गोष्ट तिच्या अंगात मुरली होती. माणूस विचित्र वागला तर त्यामागे आपल्याला न दिसणारं कारण असतं. हे ज्ञान अनमोल आहे, आणि ते तिने कष्टाने मिळवलं होतं. नोकरीतली तिची चढती कमानही त्याच्याच जोरावर. दोन गटांत पत्रव्यवहारावरून बिनसलं की तिला बोलावलं जायचं. एकाच्या गप्प राहण्याचा अर्थ नकार होता आणि दुसऱ्याने तो होकार समजला, हे तिला दहा मिनिटांत दिसायचं.

तिच्या विभागात एक ज्येष्ठ तज्ज्ञ होते. ती आठ ते अकरा या वयात ज्या देशात राहिली, तिथले. बैठकीत ते ई-मेल लिहिणाऱ्या त्या मुलीच्या कामाचे सगळ्यांसमोर वाभाडे काढायचे. एकदा त्यांनी तिला तिच्याच अहवालातल्या चुका उभं राहून मोठ्याने वाचायला लावल्या. मुलगी तीनदा तिच्याकडे आली. पहिल्यांदा हिने समजावलं: "त्यांच्याकडे असंच असतं. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्यालाच ते झापतात. त्यात आस्था असते." दुसऱ्यांदा त्यांच्याशी कसं बोललं तर ते नरमतात, याच्या युक्त्या सांगितल्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा मुलीने त्यांचं नावच काढलं नाही, फक्त रजा मागितली. महिन्याभरात राजीनामा आला.

माझं पहिलं निदान, आणि ते का फसलं

मला वाटलं, ओळखीचं प्रकरण आहे. हार्वर्डमध्ये विल्यम पेरी यांनी विद्यार्थ्यांच्या विचारांची वाढ अभ्यासली होती. १९७० साली त्यांनी मांडलेला आराखडा आमच्या क्षेत्रात अजून वापरला जातो. सुरुवातीला माणसाला वाटतं, प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं आणि ते मोठ्यांना ठाऊक असतं. मग कळतं की उत्तरं अनेक आहेत. मग प्रत्येक उत्तर त्याच्या संदर्भात तोलायला तो शिकतो. आणि हे सगळं माहीत असूनही एक भूमिका घेऊन तिच्या पाठीशी उभं राहणं, हा त्या वाढीचा शेवटचा भाग. ही बाई त्या शेवटच्या पायरीच्या अलीकडे थबकली आहे, असं मी ठरवून टाकलं.

दोन भेटी मी त्यावरच घालवल्या. तिच्यापुढे नैतिक पेच ठेवले. तिने ते माझ्यापेक्षा चांगले सोडवले. कैद्यांचा छळ, बालमजुरी, मुलींच्या शिक्षणाला विरोध, कशावरही तिची भूमिका डळमळीत नव्हती. "तिकडची परंपरा आहे म्हणून चालवून घ्यायचं का?" असं मी मुद्दाम टोकलं, तर तिने ठणकावून नाही म्हटलं, कारणांसकट. मग अडतंय कुठे? कागदावरच्या प्रश्नापुढे तिला मत होतं. समोर जिवंत माणूस बसला की ते मत कुठे जातं, हे तिलाही सांगता येईना.

तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, "ती मुलगी कुठली?"

"त्याच देशातली."

ही गोष्ट तोवर तिने मला दोनदा सविस्तर सांगितली होती, आणि एकदाही हा तपशील तिच्या तोंडून आला नव्हता. मुलगी त्याच देशात जन्मली, तिथेच शिकली, त्या तज्ज्ञांचीच भाषा बोलत मोठी झाली.

मी म्हटलं, "मग तिकडे असं झापण्यात आस्था असते, हे तिला माहीत नव्हतं?"

बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "तिला माहीत असणार, की ती आस्था नव्हती."

नऊ वर्षांच्या मुलीचं वाक्य

"त्यांच्याकडे असंच असतं" हे वाक्य आलं कुठून, याचा शोध आम्ही पुढची भेटभर घेतला. त्या देशातल्या शाळेत तिला एक कडक शिक्षिका होत्या. एकदा त्यांनी वर्गासमोर बोल लावले तेव्हा ती रडत घरी आली. वडिलांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "इकडे असंच असतं गं. माया असते म्हणून रागावतात." त्या शिक्षिकेच्या बाबतीत ते खरंही असेल. नऊ वर्षांच्या मुलीला त्या क्षणी तेवढ्याच आधाराची गरज होती. तीस वर्षांनी तेच वाक्य तिने एका प्रौढ माणसाच्या अरेरावीवर पांघरलं, आणि तेही अशा मुलीला ऐकवलं जिला त्या समाजाची नस तिच्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होती.

आई-वडिलांच्या देशाबाहेर वाढलेल्या अशा मुलांना 'थर्ड कल्चर किड' म्हणतात. इथे त्या शब्दाचं मूळ आठवायला हवं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांचा हा शब्द. १९५० च्या दशकात त्या आणि त्यांचे पती जॉन युसीम भारतात कामानिमित्त राहणाऱ्या अमेरिकी लोकांचा अभ्यास करत होते. ही माणसं धड मायदेशासारखी राहत नव्हती आणि धड यजमान देशासारखीही नाही. दोहोंच्या मधल्या जागेत त्यांची एक तिसरी राहणी तयार झाली होती. पुढे हा शब्द खूप पसरला आणि त्याचा अर्थ लोकांनी 'अनेक संस्कृती आतून जाणणारं मूल' असा करून घेतला. मूळ निरीक्षणात ते नाही. मूल वाढतं ते त्या मधल्या जागेत. माझ्यासमोर बसलेली बाई आठ ते अकरा या वयात परदेशी कुटुंबांच्या वसाहतीत राहिली होती, परदेशी मुलांच्या शाळेत शिकली होती. यजमान देश तिने पाहिला तो गाडीच्या काचेतून, घरी कामाला येणाऱ्या माणसांतून आणि वडिलांच्या स्पष्टीकरणांतून. तिला तो देश आवडायचा, अजून आवडतो. पण तिचं त्या देशाबद्दलचं ज्ञान एका लहान पाहुणीचं होतं.

मला यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. कोणताही समाज एकमुखी नसतो. जिथे वरिष्ठ हाताखालच्यांना सगळ्यांसमोर पाणउतारा करून वागवतात, तिथेच त्याला पाणउतारा म्हणणारी, त्याविरुद्ध बोलणारी, त्यापायी नोकरी सोडणारी माणसंही असतात. तीसुद्धा त्याच संस्कृतीची. बाहेरचा माणूस मोठ्या मनाने "ही त्यांची पद्धत" म्हणतो तेव्हा 'त्यांची' या शब्दात तो नेमकं कोणाला धरतो? बहुतेक वेळा ज्याचा आवाज चढा असतो त्याला. ते तज्ज्ञ एकदा स्वतःच म्हणाले होते, "आमच्याकडे असंच शिकवतात." तिने ते प्रमाण मानलं. मुलगी म्हणाली, हा अपमान आहे, तर ते तिला मुलीचं वैयक्तिक मत वाटलं.

तिला हे दिसलं तेव्हा ती खूप रडली. मी थांबवलं नाही.

राग कुठे जातो

तरी प्रश्न उरतोच. इतकी हुशार, इतकी न्यायी बाई. खोलीत एका मुलीचा अपमान होत असताना तिला आतून काहीच झालं नसेल?

२००० साली यिंग-यी हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन संस्कृतींत मुरलेल्या लोकांवरच्या प्रयोगांचा एक लेख प्रसिद्ध केला. त्यात हाँगकाँगमधल्या विद्यार्थ्यांना आधी चिनी किंवा अमेरिकी प्रतीकांची चित्रं दाखवली. मग एक मासा थव्याच्या पुढे पोहतो आहे असं चित्र दाखवून विचारलं, तो पुढे का? चिनी प्रतीकं पाहिलेल्यांनी कारण अधिक करून माशाच्या बाहेर, थव्यात शोधलं. अमेरिकी प्रतीकं पाहिलेले माशाच्या स्वतःच्या ओढीकडे जास्त झुकले. माणसं तीच, मासा तोच. मला त्यातलं जे महत्त्वाचं वाटतं ते असं की हा बदल कोणी विचारपूर्वक करत नव्हतं. समोर चित्र आलं आणि त्याबरोबर स्पष्टीकरणाची चौकट आपसूक बदलली.

तिचंही असंच व्हायचं. तज्ज्ञांनी आवाज चढवला की तिच्या मनात त्या देशाची चौकट उघडायची आणि स्पष्टीकरण हजर व्हायचं, स्वतःला काय वाटतंय हे कळायच्या आत. मी तिला विचारलं, "त्या बैठकीत, ती मुलगी उभी राहून वाचत होती तेव्हा, तुमच्या अंगात कुठे काय झालं?" तिने पोटावर हात ठेवला. पोटात गोळा आला होता. तो तिला आज, इथे बसून आठवला.

मग मी आणखी एक प्रश्न विचारला. कडाक्याचं भांडण झालं, अबोला झाला आणि मग पुन्हा बोलायला लागलात, असं आयुष्यात कोण कोण आहे? पुढच्या भेटीला विचार करून या म्हटलं. ती आठवडाभराने आली आणि म्हणाली, "कोणीच नाही."

भांडण कसं मिटतं हे कळायला लांबचा काळ लागतो. आज तोंड फिरवलेली मैत्रीण पुढच्या वर्षी त्याच बाकावर बसणार आहे, हे ठाऊक असावं लागतं. हिच्या बालपणात पुढचं वर्ष कधी खात्रीचं नव्हतंच. ज्याच्याशी वाजलं तो माणूस कायमचा गेला, एवढाच अनुभव गाठीशी. अशा मुलाने प्रत्येकाला समजून घ्यायला शिकणं हा जगण्याचा उपाय असतो. रागाच्या जागी कारण ठेवलं की माणूस हातचा जात नाही. पेरींच्या पायऱ्या मी घेऊन बसले होते तेव्हा हे मला दिसलंच नव्हतं. मी तिला विचारांच्या बाजूने धक्का देत होते. अडथळा तिच्या भीतीत होता.

रागाला भाषाही नव्हती, हे पुढे कळलं. तिला तीन भाषा उत्तम येतात. घरची भाषा ती फक्त आई-वडिलांशी आणि नातेवाइकांशी बोलत वाढली. मोठ्यांशी बोलण्याची ती भाषा, तिच्यात रागवायची मुभाच नव्हती. शाळेची भाषा कायम पाहुण्यासारखी, सभ्य. तिसरी कामाची. "मला शिवी द्यायची झाली तर कोणत्या भाषेत देऊ, हे मला आधी ठरवावं लागेल," ती म्हणाली.

सीमारेषेवर वाढलेल्या माणसांबद्दल जॅनेट बेनेट यांनी १९९३ मध्ये केलेला भेद मला इथे उपयोगी पडला. त्यांच्या मते अशी माणसं दोन प्रकारे जगतात. काही त्या सीमेवर अडकून पडतात. प्रत्येक बाजू दिसते म्हणून निर्णय होत नाही, स्वतःभोवती कुंपण घालता येत नाही, आणि मनात आपण एकटेच असे आहोत ही भावना. काही त्याच सीमेवर स्वतःचं घर बांधतात: संदर्भ दिसतात, तरी आपलं काय हे स्वतः ठरवतात. ती बाहेरून दुसऱ्या प्रकारातली दिसायची, माझीही तीच समजूत होती. तिच्याबरोबर चार वर्षं राहिलेल्या जोडीदाराने जाताना म्हटलं होतं, "तुला काय हवंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

तीन रकाने

आम्ही केलेली गोष्ट अगदी साधी होती. रोज रात्री एक प्रसंग लिहायचा, तीन रकान्यांत. काय घडलं. मला ते चाललं का. समोरचा तसं का वागला असेल. क्रम महत्त्वाचा. 'का' शेवटी लिहायचं. दुसरा रकाना भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही.

पहिले दोन आठवडे दुसरा रकाना कोरा होता. तिसरा काही ठिकाणी पानभर भरलेला. ती नियम मोडत होती आणि प्रामाणिकपणे कबूलही करत होती. तिसऱ्या आठवड्यात एका प्रसंगापुढे दुसऱ्या रकान्यात लिहिलेलं होतं: "नाही आवडलं. का ते माहीत नाही." सहकाऱ्याने तिचं बोलणं तोडलं होतं, एवढाच तो प्रसंग. मला मात्र ती वही हातात घेऊन फार बरं वाटलं, आणि ते मी तिला बोलूनही दाखवलं.

या रकान्यांतून एक अनपेक्षित गोष्ट बाहेर आली. एकाच माणसाच्या बाबतीत दुसरा रकाना नेहमी ओसंडून भरलेला आणि तिसरा कोरा. तिचा धाकटा भाऊ.

तोही त्याच चार घरांत वाढला. तिशीत त्याने एक जागा निवडली, एक परंपरा निवडली, तिचे नियम पाळायला लागला आणि मुलांनाही त्यातच वाढवतो आहे. ती त्याला 'कोता' म्हणायची. वर्षातून दोनदा फोन, तोही हवापाण्याचा. परक्या माणसाच्या प्रत्येक वागण्यामागे कारण असणार असं मानणाऱ्या तिने सख्ख्या भावाच्या निर्णयाचं कारण कधी विचारलंच नव्हतं. खुल्या मनाच्या माणसांत ही गाठ मी नंतर बऱ्याचदा पाहिली आहे. सगळ्यांसाठी दार उघडं, फक्त ज्याने दार लावून आत राहायचं ठरवलं त्याच्यासाठी नाही.

माझंही चुकलंच. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या. त्यांतल्या एकीत माणूस स्वतः न शोधता, दुसऱ्याने हातात दिलेली ओळख घट्ट धरून बसतो. भावाची हकिकत ऐकून मी मनातल्या मनात त्याला त्याच अवस्थेत बसवलं. न भेटता. तिने त्याला विचारल्यावर कळलं, सहा वर्षं तो वेगवेगळ्या ठिकाणी राहून, वाचून, लोकांना भेटून तिथवर आला होता. म्हणजे त्याने शोध घेतला होता आणि मग ठरवलं होतं. त्या घरात बांधिलकी कशी पत्करायची हे शिकलेलं एकमेव माणूस तोच होता.

आज कुठे आहोत

अकरा महिने झाले. तज्ज्ञांशी ती बोलली. त्यांची पद्धत कुठून आली यावर एक शब्दही न काढता, तिच्या विभागात असं चालणार नाही एवढंच सांगितलं. ते दुखावले. पुढचे काही आठवडे खोलीत ताण होता, ती रात्री झोपत नव्हती, आणि दोनदा तिने मला विचारलं की माफी मागू का. मागितली नाही. आता ते कामापुरतं बोलतात, नव्या मुलांशी सौम्यपणे वागतात. त्यांना पटलं आहे की ते फक्त सांभाळून राहतात, हे तिला कळत नाही. तेवढं न कळणं तिला अजून जड जातं.

काही गमावलंही आहे. पूर्वी कोणत्याही भांडणात दोन्ही बाजू तिला आपलं मानायच्या. आता तसं नाही. एका जुन्या सहकाऱ्याने तिला तोंडावर सांगितलं, "तू पूर्वी अशी नव्हतीस." ती ते सांगताना हसली नाही आणि मीही तिची समजूत काढली नाही.

भावाला तिने फोनवर म्हटलं, "तुझं मुलांच्या बाबतीतलं हे मला पटत नाही." दीड तास वाद झाला. त्याने शेवटी फोन आपटला. पुढच्या रविवारी त्याचाच फोन आला: "ताई, मागच्या वेळी तू जे म्हणालीस ना, त्यावर मला अजून बोलायचंय." ती मला हे सांगायला वेळ न ठरवता आली होती.

मुलीला तिने पत्र लिहिलं. पहिल्या खर्ड्यात स्वतःच्या बालपणाबद्दल दोन परिच्छेद होते. ते तिने स्वतःच काढून टाकले. उरलं ते एवढं: तुम्ही सांगत होतात ते खरं होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि मी तुमच्याऐवजी त्यांची बाजू घेतली. पत्र पाठवून सात आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही. मागच्या भेटीत ती म्हणाली, "ती का लिहीत नसेल याची मला निदान पाच कारणं सुचतायत." मी विचारलं, "आणि दुसऱ्या रकान्यात काय लिहिलंत?"

तिने वही उघडून दाखवली. तिथे लिहिलं होतं, "वाईट वाटतंय." तिसरा रकाना तिने कोरा ठेवला होता.